डोक्यावरची जखम लपवू नका

गेल्या वर्ष-दीड वर्षापासून एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. तो विहारात सर्वांसमोर कोणी विचारत नाही. वंदना संपली, माणसे पांगली की एखादा तरुण हळूच बाजूला घेतो आणि विचारतो, "काका, केस लावून घेतले तर चालतील का?" कधी प्रश्न त्याच्या पुढचा असतो. "लावून घेतलेत. आता डोक्यावर खपल्या आल्यात. काय करू?"

पहिल्या प्रश्नाबद्दल मतभेद असू शकतात. दुसऱ्या प्रश्नाबद्दल नसावेत. ज्याच्या डोक्यावर शस्त्रक्रिया झाली आहे त्याला नीट बरे होता आले पाहिजे. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान आम्ही या विषयाला देत आहोत. यात माहिती आहे आणि आमचे स्पष्ट मतही आहे.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. आमचा पुतण्या मुंबईत नोकरीला आहे, वय सत्तावीस. लग्नाची बोलणी दोन ठिकाणी फिसकटली आणि त्याच्या मनाने घेतले की कपाळ मागे सरकले म्हणूनच हे झाले. त्याने हप्त्यांवर पैसे उभे केले आणि एका दवाखान्यात केस लावून घेतले. घरात कोणालाच सांगितले नाही. दुसऱ्याच रात्री कोकण रेल्वेने रत्नागिरीला आला. डोक्यावर टोपी, चेहरा सुजलेला. "ताप येऊन गेला," एवढेच बोलला. चौथ्या दिवशी तो दुपारी झोपलेला असताना टोपी सरकली. आईला वाटले, टाळू कोरडी पडून कोंडा धरलाय. तिने वाटीत खोबरेल तेल घेतले आणि मायेने डोके चोळले. त्याला जाग आली तोवर खपल्या बोटांबरोबर निघून आल्या होत्या. तरीही तो गप्प राहिला. सातव्या दिवशी पू झाला आणि अंगात खराच ताप भरला. दवाखान्याच्या नंबरवर दोन दिवस "फोटो पाठवा" याखेरीज उत्तर मिळाले नाही. शेवटी इथल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले, औषधे झाली आणि जखम भरली. पण पुढच्या भागात रुपयाएवढ्या जागेत केस उगवले नाहीत ते नाहीतच.

त्याची आई एकच वाक्य बोलली, "मला सांगितलं असतंस, तर मी तेल लावलं असतं का रे?"

हा लेख आम्ही त्या वाक्यासाठी लिहीत आहोत. पुतण्याची परवानगी घेऊनच लिहीत आहोत.

लाज कसली?

आमचे पहिले मत असे: केस लावून घेणे ही चोरी नाही आणि टक्कल पडणे हा दोष नाही. पुरुषांमध्ये केस विरळ होण्याचे मुख्य कारण आनुवंशिकता आणि संप्रेरके हेच असते. आपल्या घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे. त्यांच्या उत्तरायुष्यातली छायाचित्रे पाहा. कपाळावरचे केस मागे गेलेले दिसतात. त्या कपाळाकडे पाहून कोणाला कमीपणा वाटला नाही. आपले भिक्खू आणि श्रामणेर तर केस स्वतःहून उतरवतात. तेव्हा माणसाची किंमत केसांवर ठरत नाही, हे आपल्या समाजाला नव्याने शिकवायची गरज नाही.

तरीही एखाद्याला केस हवे असतील तर तो त्याचा निर्णय आहे. त्याची थट्टा करू नये. थट्टेच्या भीतीनेच माणूस लपवतो, आणि लपवल्यामुळे जखम चिघळते.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाची एक आठवण लिहून ठेवली आहे. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पैसे द्यायची घरची ऐपत होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. म्हणून घरातल्या सर्वांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे, आणि त्या कामात ती तरबेज झाली होती. ज्या डोक्याला गाव शिवत नव्हते ते घरच्या माणसाने सांभाळले. आज आपली मुले त्याच घरच्या हातांपासून डोके लपवत आहेत, याचे आम्हांला वाईट वाटते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दहा दिवस घरच्या माणसाच्या मदतीशिवाय नीट निघत नाहीत. त्याला आधी सांगा.

हे कलमच आहे

रत्नागिरीच्या माणसाला केशरोपण समजावणे सोपे आहे, कारण कलम म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातले केस सहसा आयुष्यभर टिकतात. तिथली मुळे काढून पुढच्या उघड्या भागात बसवतात. एका मुळाच्या पुंजक्यात एक ते चार केस असतात. त्यालाच दवाखान्यात 'ग्राफ्ट' म्हणतात.

मुळे काढण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मागच्या भागातून साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान गोल छिद्रे पाडून एकेक पुंजका काढतात. याला एफयूई म्हणतात. दुसरीत त्वचेची बारीक पट्टी काढून तिथे टाके घालतात. ती एफयूटी. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. दोन्ही पद्धतींत डोक्यावर शेकडो किंवा हजारो बारीक जखमा होतात. म्हणजे ही शस्त्रक्रियाच आहे. सलूनमधल्या कामासारखी तिच्याकडे पाहू नये.

नव्या कलमाला आपण हलवत नाही, जोराने पाणी मारत नाही, उन्हात उघडे ठेवत नाही. डोक्यावरच्या कलमालाही हेच लागू आहे. फरक एवढाच की इथे मूळ धरायला दिवस थोडे लागतात. बर्नस्टाइन आणि रासमन या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या दोन दिवसांत केस ओढला तर मूळ निघून येते. घट्ट चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत मूळ निघून येते. पुढे हा धोका कमी होत जातो आणि नवव्या-दहाव्या दिवसानंतर मुळे पक्की बसलेली असतात. आमच्या वहिनींनी तेल लावले तो चौथा दिवस होता, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

दिवसामागून दिवस

पुढे दिलेल्या गोष्टी सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचे ऐका.

पहिले तीन दिवस: डोके उंच ठेवून झोपा. दोन-तीन उशा घेऊन, पाठीला टेकण देऊन, पाठीवर झोपायचे. पुढचा भाग उशीला घासता कामा नये. मागच्या भागातून पहिल्या एक-दोन रात्री थोडे रक्तमिश्रित पाणी उशीला लागते, त्याने घाबरू नका. उशीवर स्वच्छ, जुने सुती कापड घाला आणि रोज बदला. डॉक्टरांनी सलाइनचा फवारा दिला असेल तर सांगितल्याप्रमाणे मारत राहा. त्याने खपल्या कडक होत नाहीत. हाताने स्पर्श करायचा नाही.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कपाळावर सूज येऊ शकते, कधी ती डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत उतरते. दिसायला भीतिदायक असली तरी बहुतेकांची ती काही दिवसांत आपोआप ओसरते. डोके खाली घालून काम केले की ती वाढते. म्हणून वाकून झाडलोट करणे, चपलेचे बंद बांधणे, विहिरीवर पाणी शेंदणे, सगळे बंद. विहारात वंदना करताना गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून प्रणाम करू नका. बसून हात जोडा, तेवढे पुरते. बर्फ लावायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, तोही कपाळावर. केस लावलेल्या भागावर कधीच नाही.

पहिली धुलाई: बहुतेक डॉक्टर ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सांगतात. काही जण दवाखान्यात स्वतः करून देतात. शक्य असेल तर पहिली धुलाई दवाखान्यातच करून घ्या आणि घरच्या माणसाला ती पाहू द्या. घरी धुताना सांगितलेला सौम्य शाम्पू आधी तळहातावर पाण्यात फेसाळून घ्या. फेस डोक्यावर हलकेच ठेवा, चोळू नका. मग तांब्याने किंवा मगने कोमट पाणी सावकाश, जवळून सोडा. शॉवरची धार थेट डोक्यावर घेऊ नका. पुसताना टॉवेल घासू नका. मऊ कापड नुसते टेकवा किंवा तसेच सुकू द्या. गरम हवेचा ड्रायर नको. शस्त्रक्रियेनंतर डोक्याची त्वचा काही आठवडे बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही.

पाचवा ते दहावा दिवस: आता खाज सुटते. सगळ्यांत जास्त नुकसान याच दिवसांत होते, कारण झोपेत हात डोक्याकडे जातो. नखे कापून ठेवा. खाज असह्य झाली तर डॉक्टरांना फोन करा, स्वतःहून मलम आणू नका. खपल्या साधारण सात ते चौदा दिवसांत, धुताधुता, ओल्या होऊन आपोआप गळतात. नखाने काढायच्या नाहीत. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून बोटांच्या टोकांनी अगदी हलके गोल फिरवत धुवायला सुरुवात करा. चौदा दिवसांनंतरही जाड खपल्या राहिल्या असतील तर दाखवा. तशाच ठेवणेही बरे नाही.

दुसरा ते सहावा आठवडा: लावलेले केस गळतात. हो, गळतात. इथे पुष्कळांचा धीर सुटतो. "पैसे बुडाले" असे वाटून ते भलती औषधे सुरू करतात. गळतो तो वरचा केस. मूळ त्वचेखाली विश्रांती घेत असते. नवे केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डोकावतात, सहा ते नऊ महिन्यांत बरेच दिसू लागतात आणि खरा निकाल वर्षाने कळतो. डोक्याच्या मधल्या भागाला त्याहून उशीर लागू शकतो. याच काळात बारीक पुरळ येऊ शकते. एखाददुसरी पुळी असेल तर फोडू नका. संख्या वाढली, दुखू लागली, पू धरला तर डॉक्टरांकडे जा.

आपल्या कोकणातल्या अडचणी

दवाखान्याच्या छापील कागदावर सूचना असतात त्या बहुधा वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माणसासाठी. आपल्याकडचे जगणे वेगळे आहे. म्हणून हे वेगळे सांगतो.

तेल, हळद, कोरफड: आपल्याकडे डोक्याला काही झाले की पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. ओल्या जखमेवर तेल, हळद, कोरफडीचा गर, लिंबू, कांद्याचा रस, राख यांतले काहीही लावू नका. घरगुती आहे म्हणून ते निर्जंतुक होत नाही. तेल कधी सुरू करायचे हे डॉक्टर सांगतील, साधारण महिनाभर तरी थांबावे लागते. केस रंगवणेही तोवर बंद. मेडिकलमधून खाजेसाठी स्टिरॉइडचे मलम परस्पर आणून लावू नका.

पाणी आणि दमट हवा: रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस सुकत नाहीत. ओलसर उशीच्या खोळीवर जखम टेकवू नका. खोळ इस्त्री करून पूर्ण कोरडी करा. विहिरीचे किंवा टाकीचे पाणी गढूळ येत असेल तर पहिले दहा दिवस डोक्यासाठी पाणी उकळून, गाळून, कोमट करून घ्या. घाम साचू देऊ नका. पंख्याखाली बसा.

ऊन, समुद्र, ओझे: आंब्याच्या बागेत, मिरकरवाड्याच्या बंदरावर किंवा चिऱ्याच्या खाणीत काम करणाऱ्याने किमान दोन आठवडे कामावरून सुट्टी धरली पाहिजे, आणि डोक्यावर पेटी, पाटी, हारा घ्यायचा तर महिनाभर नाव नको. चिऱ्याची धूळ जखमेत जाते. समुद्रात किंवा नदीत पोहणे, बुडी मारणे महिनाभर बंद. थेट ऊन काही महिने टाळा. सैल टोपी किंवा छत्री वापरा. टोपी कोणत्या दिवसापासून चालेल हे विचारून घ्या. ज्याला रजा मिळत नाही आणि रोजावर पोट आहे, त्याने हा निर्णय घेण्याआधी रजेचाही हिशेब करावा.

हेल्मेट: दोन-तीन आठवडे हेल्मेट घालता येत नाही. याचा अर्थ बिनहेल्मेट गाडी चालवायची असा नाही. त्या काळात दुचाकी चालवायचीच नाही.

प्रवास: रत्नागिरीहून बहुतेक जण मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला जातात. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी आठ-दहा तासांचा प्रवास करू नका. पहिली धुलाई आणि तपासणी होईपर्यंत तिथल्या नातेवाइकांकडे किंवा गावच्या मंडळाच्या खोलीवर राहा. रेल्वेत सर्वांत खालचा बर्थ घ्या आणि उठताना वरच्या बर्थवर डोके आपटणार नाही याची काळजी घ्या. अनेकांची कलमे अशाच एका टक्करीत निघतात. गाडीचे दार, घराची बुटकी चौकट, गोठ्याचा वासा यांचेही तेच.

तंबाखू, मिश्री, दारू: निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना रक्त कमी मिळते. सिगारेट वाईट, तसेच गुटखा, तंबाखू आणि मिश्रीही. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद. बंद केलेच आहे तर पुन्हा सुरू करू नका, हे आमचे आगाऊ सांगणे. दारूने रक्तस्राव आणि सूज वाढते, औषधांशीही ती जमत नाही.

मिरवणूक आणि फेटा: १४ एप्रिलची मिरवणूक आली की निळा गुलाल उधळला जातो आणि डोक्याला घट्ट फेटा बांधला जातो. ताज्या जखमेत गुलालाची भुकटी आणि फेट्याचे घर्षण दोन्ही घातक. महिना पूर्ण झाला नसेल तर त्या वर्षी बाजूला उभे राहून घोषणा द्या. लग्नासाठी केस लावायचे असतील तर लग्नाच्या महिनाभर आधी नव्हे, वर्षभर आधी लावा. महिनाभर आधी लावले तर मांडवात उभे राहताना नेमके केस गळलेले असतील. श्रामणेर शिबिराला जायचे असेल तर डोक्यावर वस्तरा फिरवण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही महिने थांबावे लागेल.

थांबू नका, धावा

पुढीलपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. कमी न होता वाढत जाणारे दुखणे. लाली पसरत जाणे, पू, दुर्गंधी. १०० फॅरनहाइटच्या वर ताप. त्वचेचा एखादा भाग काळा-निळा पडणे. स्वच्छ कापडाने पंधरा मिनिटे हलका दाब देऊनही न थांबणारे रक्त. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

श्वास लागणे, घसा किंवा ओठ सुजणे, अंगभर गांधी उठणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, बरळणे असे झाले तर एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात न्या. इथे आम्ही घाबरवत नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. चेहरा व घसा सुजला होता, श्वास लागत होता, आणि तीव्र अ‍ॅलर्जीची शंका व्यक्त झाली. एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट बसवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. २०२५ मध्ये कानपूरमध्ये केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचा मृत्यू झाल्याचे प्रकरण देशभर गाजले, आणि आरोप दंतवैद्यकाची पदवी असलेल्या व्यक्तीवर झाला. असे मृत्यू विरळ आहेत. पण कपाळाची साधी सूज आणि घशाची सूज यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया झाली आहे हे घरात माहीत असले पाहिजे. बेशुद्ध पडलेला माणूस आपले गुपित सांगू शकत नाही.

"शस्त्रक्रिया मुंबईत केली, मग इथले सरकारी डॉक्टर ओरडतील," असा संकोच करू नका. जिल्हा रुग्णालय तुमचेही आहे. जाताना दवाखान्याचा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद किंवा सुरू करू नका. ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारा. साखर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही. आधी साखर, मग केस.

दवाखान्याची जबाबदारी

आमचे दुसरे मत दवाखान्यांबद्दल आहे. शस्त्रक्रियेचे पैसे घेतले म्हणजे जखम भरेपर्यंतची जबाबदारी घेतली. पैसे मोजून होईपर्यंत दहा फोन करायचे आणि पू झाला की फोटो मागवून गप्प बसायचे, हे आम्हांला मान्य नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत स्पष्ट मार्गदर्शन दिले. केशरोपण हे शल्यक्रियेचे औपचारिक प्रशिक्षण असलेल्या डॉक्टरांनीच करावे, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा तसे प्रशिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञ. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे आयोगाने म्हटले आहे. तेव्हा विचारा: सुई कोण टोचणार, छिद्रे कोण पाडणार, डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतील का, अचानक श्वास अडकला तर प्राणवायू आणि औषधे तयार आहेत का? डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. तो देताना जे चाचरतात तिथून उठून या.

निघण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या. किती ग्राफ्ट बसवले. कोणती औषधे किती दिवस. मराठीत लिहिलेल्या काळजीच्या सूचना. आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर. आपल्या भाषेत सूचना मागणे हा हट्ट नव्हे. जी सूचना रुग्णाच्या आईला वाचता येत नाही तिचा घरात उपयोग नाही. उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हा नियम २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येतात असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ मध्येच झाला आहे. हयगय झाली असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले ते हक्काने मागायला. ते दवाखान्याच्या खिडकीपाशीही विसरू नये.

आणि ज्यांनी अजून ठरवलेले नाही

चाई पडली असेल, अंगात रक्त कमी असेल, थायरॉइडचा त्रास असेल किंवा मोठ्या आजारानंतर केस गळत असतील तर आधी त्या कारणाचा उपचार हवा. कमी वयात, केस अजून मागे सरकत असताना घाईने लावले तर लावलेले पुढे राहतात आणि मधले जातात. केस लावल्यानंतरही उरलेले केस टिकवायला पुष्कळांना दीर्घकाळ औषध चालू ठेवावे लागते, त्याचाही खर्च धरा. कर्ज काढून, बहिणीच्या लग्नाचे किंवा भावाच्या फीचे पैसे मोडून केस लावू नयेत, हे आमचे तिसरे आणि ठाम मत आहे. केसांवरून मुलगा नाकारणाऱ्या घरांनाही आमचे सांगणे आहे: हुंडा नको म्हणतो, पत्रिका नको म्हणतो, मग कपाळ कशाला मोजता?

आमच्या पुतण्याला आता वर्ष झाले. बाकीचे केस बरे आलेत. ती रुपयाएवढी जागा तो आता टोपीखाली झाकत नाही. परवा त्याच्या ओळखीचा एक मुलगा त्याच दवाखान्यात निघाला होता. पुतण्याने त्याला केस काढून ती जागा दाखवली आणि म्हणाला, "जा, पण दुसरीकडे जा. आणि जायच्या आधी आईला सांगून जा."

आम्ही एवढेच म्हणतो. डोके तुमचे आहे, निर्णय तुमचा आहे. जखम मात्र घराची आहे. घराला सांगा.

जयभीम.